आधी ‘एनातु?’, मग ‘यारु माडिद्रु?’

आपल्या भागातल्या लग्नकार्यांत हल्ली एक संवाद हमखास कानावर पडतो. कुणीतरी मावशी विचारते, “धाकटी काय करते गं पुण्यात?” आई सांगते, “सेल्सफोर्समध्ये आहे.” मावशीचा चेहरा जरा उतरतो. एवढी शिकली-सवरली पोर आणि दारोदार माल विकत फिरते की काय! आई लगेच सावरून घेते, “तसलं सेल्स नव्हे हो, कॉम्प्युटरचं आहे.” यापुढे बोलणं सरकत नाही, कारण मुलगी रात्री अकरा वाजता लॅपटॉप उघडून नेमकं काय शोधत बसते, हे आईलाही ठाऊक नसतं. “लॉग बघतेय” एवढंच ती म्हणते. आज आपण हे ‘लॉग बघणं’ म्हणजे काय, ते समजून घेऊ. विषय कॉम्प्युटरचा असला तरी त्यातला खरा प्रश्न घराघरात रोज उठणारा आहे : चूक झाली, ती कुणाची?

आधी सेल्सफोर्सबद्दल दोन शब्द. १९९९ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को इथे मार्क बेनिऑफ आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी एका भाड्याच्या घरात ही कंपनी सुरू केली. त्या काळी कुठल्याही कंपनीला गिऱ्हाइकांचा हिशेब कॉम्प्युटरवर ठेवायचा तर सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागे, ते आपल्या मशीनवर बसवावं लागे आणि ते सांभाळायला माणसं ठेवावी लागत. या मंडळींनी वेगळी वाट काढली. सॉफ्टवेअर आमच्याच मशीनवर राहील, तुम्ही इंटरनेटवरून ते उघडा, काम करा आणि वापराप्रमाणे पैसे भरा. यालाच पुढे ‘क्लाउड’ म्हणू लागले. गिऱ्हाइकाचं नाव-गाव, त्याची ऑर्डर, त्याची तक्रार, त्याला दिलेली सवलत, सगळं तिथे नोंदलेलं असतं. आज जगभरातल्या हजारो कंपन्या आपला असा कारभार या एकाच व्यवस्थेवर चालवतात. सेल्सफोर्सची मोठी कार्यालयं हैदराबाद आणि बेंगळुरूला आहेत, आणि हे काम करून देणाऱ्या इतर कंपन्या पुण्यापासून बेंगळुरूपर्यंत पसरल्या आहेत. त्यामुळे आपल्याकडची मुलंमुली या क्षेत्रात दिसतात, यात नवल नाही.

ही व्यवस्था एखाद्या जुन्या वाड्यासारखी असते. वाडा एक, बिऱ्हाडं अनेक. प्रत्येकाची खोली वेगळी, कुलूप वेगळं, पण आड एकच आणि नळही एकच. कॉम्प्युटरवाले याला ‘मल्टिटेनंट’ म्हणतात, म्हणजे शब्दशः अनेक भाडेकरूंची जागा. एका बिऱ्हाडाने दिवसभर नळ सोडून ठेवला तर बाकीच्यांची घागर रिकामी राहायची. म्हणून वाड्याचे नियम कडक असतात. एका कामाच्या एका फेरीत माहितीच्या साठ्याला जास्तीत जास्त १०० प्रश्न विचारता येतात, साठ्यात बदल करण्याच्या १५० आज्ञा देता येतात आणि यंत्राच्या मेंदूचा १० सेकंदांइतका वेळ वापरता येतो. मर्यादा ओलांडली की ते काम तिथल्या तिथे थांबतं आणि अर्धवट झालेलंही परत फिरवलं जातं. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता ‘डीबग लॉग’ या जोडशब्दाकडे वळू. त्यातले दोन्ही शब्द मोठे गमतीचे आहेत. ‘लॉग’ म्हणजे मुळात लाकडाचा ओंडका. जुन्या काळी जहाजाचा वेग मोजायला खलाशी दोरीला बांधलेली लाकडी फळी समुद्रात टाकत आणि ठरावीक वेळात दोरीच्या किती गाठी हातातून सुटल्या ते मोजत. जहाजाचा वेग अजूनही ‘नॉट’मध्ये, म्हणजे गाठींत सांगतात, तो त्यामुळेच. हे आकडे ज्या वहीत उतरवायचे ती लॉगबुक. पुढे प्रवासात जे जे घडेल ते वेळेसह लिहून ठेवण्याच्या वहीलाच ते नाव पडलं.

‘बग’ म्हणजे किडा. यंत्रातल्या दोषाला बग म्हणण्याची रीत एकोणिसाव्या शतकापासूनची आहे, एडिसनच्या १८७८ सालच्या पत्रव्यवहारातही ती दिसते. पण खराखुरा किडा सापडला तो ९ सप्टेंबर १९४७ रोजी. हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क टू या अवाढव्य गणकयंत्रात बिघाड झाला. शोधता शोधता एका रिलेमध्ये अडकलेला पतंग मिळाला. तिथल्या माणसांनी तो चिकटपट्टीने लॉगबुकात डकवला आणि शेजारी वेळ टाकून नोंद केली. ग्रेस हॉपर या विदुषींनी ही हकिकत पुढे जगभर सांगितली. ती वही आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या मालकीची आहे. मला या हकिकतीत किड्यापेक्षा वहीचं महत्त्व अधिक वाटतं. त्या मंडळींनी पतंग झटकून टाकला असता तर यंत्र चालूच झालं असतं. पण काय झालं, कधी झालं, कुठे झालं, हे लिहून ठेवल्यामुळे तो बिघाड कायमचा पुरावा झाला.

आपल्याला ही कल्पना परकी नाही. कीर्द आणि खतावणी आपल्या पेढ्यांवर पिढ्यानपिढ्या चालत आली. कीर्दीत दिवसाचा व्यवहार ज्या क्रमाने झाला त्या क्रमाने उतरतो, खतावणीत तो ज्याच्या-त्याच्या नावावर जातो. सेल्सफोर्समध्ये गिऱ्हाइकाच्या नावावर जी माहिती दिसते ती खतावणी समजा, आणि डीबग लॉग ही कीर्द. आणि शब्दांचंच बोलायचं तर आपण मराठीत ‘नोंद’ म्हणतो, कन्नडमध्ये नोंदवण्याच्या कामाला ‘नोंदणि’ म्हणतात. आपला ‘दाखला’ आणि त्यांचं ‘दाखले’ तर एकाच कुळातले. सरकारी कचेरीच्या दारात उभं राहिलं की दोन्ही भाषांना कागदाची किंमत सारखीच कळते.

मात्र या कीर्दीची एक तऱ्हा आहे. दुकानातली कीर्द रोज आपोआप लिहिली जाते, डीबग लॉग तसा लिहिला जात नाही. ‘अमक्यावर, अमक्या वेळेपासून अमक्या वेळेपर्यंत, इतक्या बारकाईने नजर ठेव’ असं सांगितलं तरच यंत्र लिहायला बसतं. या सांगण्याला ‘ट्रेस फ्लॅग’ म्हणतात. कालचं भांडण आज कळलं आणि काल हा फ्लॅग लावलेला नव्हता, तर कालच्या घटनेचा डीबग लॉग कुणीही आणून देऊ शकत नाही. तीच गोष्ट पुन्हा करून पाहावी लागते.

हे सगळं एका उदाहरणाने पाहू. समजा, शेतीपंप विकणारी एक कंपनी आहे. मुख्य ऑफिस पुण्यात, शाखा हुबळीला. हुबळीच्या शाखेत ऑर्डर घेणारी एक मुलगी आहे, नोकरीला लागून जेमतेम सहा महिने झालेत, अजून कायम झालेली नाही. फोनवर व्यापाऱ्याशी कन्नडमध्ये बोलायचं, ऑर्डर सेल्सफोर्समध्ये भरायची, ठरलेली १० टक्के सवलत टाकायची आणि ‘सेव्ह’ दाबायचं, हे तिचं काम. दोन दिवसांनी व्यापारी फोनवर तापतो, “दहा टक्के म्हणालात आणि बिलात सवलत शून्य?” महिन्यात असं तिसऱ्यांदा होतं. साहेब म्हणतात, “इतरांचं होत नाही, तुझंच का होतं?” ती म्हणते, “सर, मी दहाच टाकले होते.” पण पडद्यावर तर शून्य दिसतंय. तिच्या शब्दाला काय किंमत? चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण अशाच वेळी खरी होते. एका मुलीची नोकरी या शून्यावर टांगलेली आहे.

आपल्याकडे उत्तर कर्नाटकात काही बिनसलं की शहाणं माणूस आधी विचारतं, “एनातु?” काय झालं? आणि तापट माणूस आधी विचारतं, “यारु माडिद्रु?” कुणी केलं? साहेबांनी दुसरा प्रश्न आधी विचारला. डीबग लॉगला फक्त पहिला प्रश्न कळतो.

आता कंपनीचा अ‍ॅडमिन, म्हणजे ही व्यवस्था सांभाळणारा माणूस, काय करतो ते पाहा. तो ‘सेटअप’मध्ये जातो, शोधायच्या चौकटीत ‘डीबग लॉग्ज’ लिहितो आणि त्या पानावर ‘न्यू’ दाबतो. मग चार गोष्टी भराव्या लागतात. पहिली, कुणावर नजर ठेवायची. इथे त्या मुलीचं यूजर नाव. रात्री आपोआप होणारी कामं बघायची असतील तर माणसाऐवजी ‘ऑटोमेटेड प्रोसेस’ही निवडता येतं. दुसरी, कधीपासून. तिसरी, कधीपर्यंत. चौथी, किती बारकाईने, म्हणजे ‘डीबग लेव्हल’.

तिसऱ्या गोष्टीला एक बंधन आहे. सुरुवातीपासून २४ तासांच्या पुढे हा फ्लॅग जाऊ शकत नाही. हवा असेल तर नव्याने मुदत द्यायची. मला हे बंधन फार शहाणपणाचं वाटतं. कुणावर नजर ठेवायचा अधिकार हातात आला की तो सोडवत नाही. इथे यंत्रच म्हणतं, दिवस संपला, आता उठ.

चौथी गोष्ट, बारकाईची. यंत्राच्या कामाचे वेगवेगळे विभाग केलेले आहेत : डेटाबेस, वर्कफ्लो, व्हॅलिडेशन, बाहेरच्या यंत्राशी होणारं बोलणं म्हणजे कॉलआउट, एपेक्स या भाषेत लिहिलेला प्रोग्राम, सिस्टीम वगैरे. प्रत्येक विभागाला वेगळी पातळी देता येते. काहीच नको या ‘नन’पासून एरर, वॉर्न, इन्फो, डीबग, फाइन, फायनर आणि शेवटी अतिसूक्ष्म असं ‘फायनेस्ट’. लग्नाची हकिकत दोन माणसं कशी सांगतात, आठवा. काका म्हणतात, “लग्न झालं, जेवण बरं होतं.” काकू मात्र मुहूर्ताला किती मिनिटं उशीर झाला, विहिणीने कोणतं इरकल नेसलं होतं आणि मठ्ठा कितव्या पंगतीला संपला, इथपर्यंत सांगतात. काका ‘इन्फो’ आहेत, काकू ‘फायनेस्ट’.

मग सगळीकडे काकूंनाच का बसवू नये? कारण वहीची पानं मोजकी आहेत. एक लॉग जास्तीत जास्त २० एमबीचा. त्यापेक्षा वाढला की यंत्र त्यातल्या जुन्या ओळी काढून टाकतं, आणि त्या फक्त सुरुवातीच्याच असतील असं नाही, मधल्याही जाऊ शकतात. म्हणजे हव्यासापोटी सगळं लिहायला सांगावं आणि नेमकी हवी असलेली ओळच गळावी, असं होतं. शिवाय १५ मिनिटांत १,००० एमबीपेक्षा जास्त लॉग साठले तर यंत्र ट्रेस फ्लॅगच बंद करून टाकतं. म्हणून जाणता अ‍ॅडमिन संशयाच्या विभागाची पातळी वाढवतो आणि बाकीच्यांची कमी ठेवतो. आपल्या उदाहरणात सवलतीचा आकडा आपोआप बदलतोय असा संशय आहे. असे आपोआप होणारे बदल ‘फ्लो’ नावाच्या साधनातून होतात आणि लॉगमध्ये ते वर्कफ्लो विभागात येतात. म्हणून वर्कफ्लो ‘फायनर’वर, बाकीचं साधं.

फ्लग लावून झाला की अ‍ॅडमिन त्या मुलीला फोन करतो, “मॅडम, त्याच व्यापाऱ्याची एक ऑर्डर पुन्हा भरा. दुसरं काही करू नका. सेव्ह दाबताना घड्याळात किती वाजले तेवढं सांगा.” हे ‘दुसरं काही करू नका’ महत्त्वाचं आहे. प्रत्येक फेरीचा लॉग वेगळा निघतो, आणि एकदा बटण दाबल्यावरही दोन-तीन लॉग निघू शकतात. दहा कामं केली तर ढिगातून सुई शोधत बसावं लागतं. डीबग लॉग्जच्या पानावर खाली यादी येते. कुणाचं काम, कुठल्या प्रकारची विनंती, नीट पार पडली की चूक आली, किती मिलिसेकंद लागले, लॉग केवढा मोठा, केव्हा सुरू झालं. वेळ जुळवून अ‍ॅडमिन योग्य ओळ निवडतो आणि लॉग उघडतो.

उघडल्यावर पहिल्यांदा पाहणाऱ्याचं डोकं गरगरतं. हजारो ओळी. सगळ्यात वर कुठल्या विभागाला कुठली पातळी होती ते लिहिलेलं. त्याखाली प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला वेळ, तास-मिनिट-सेकंद आणि सेकंदाचा हजारावा भाग. शेजारी कंसात काम सुरू झाल्यापासून गेलेला काळ, तोही सेकंदाच्या अब्जाव्या भागात मोजलेला. मग उभी रेघ, घटनेचं नाव, पुन्हा उभी रेघ, तपशील. ‘एक्झिक्यूशन स्टार्टेड’ म्हणजे फेरी सुरू. ‘कोड युनिट स्टार्टेड’ म्हणजे एखादा प्रोग्राम किंवा फ्लो कामाला लागला. चूक होऊन काम कोसळलं असेल तर ‘एक्सेप्शन थ्रोन’ आणि ‘फेटल एरर’. शेवटी आपल्या वाड्याच्या नियमांचा हिशेब, १०० पैकी किती प्रश्न विचारले, १५० पैकी किती आज्ञा दिल्या. काम मधेच थांबत असेल तर अनुभवी माणूस आधी या तळच्या हिशेबाकडे बघतो. नळ कुणी सोडून ठेवला ते तिथे कळतं.

आपल्या लॉगमध्ये कोसळलेलं काहीच नाही. यादीत ‘सक्सेस’ लिहिलंय. सगळ्यात अवघड दोष असाच असतो, यंत्राच्या मते सगळं सुरळीत आणि माणसाच्या मते सगळं बिघडलेलं. अ‍ॅडमिन ओळीमागून ओळ वाचत जातो. सवलतीचा फ्लो सुरू झाला. त्याच्या हाती आलेल्या नोंदीत सवलतीचा आकडा काय होता? दहा. मुलीने दहाच टाकले होते! पुढच्या ओळी बघा. फ्लो एका वळणावर येतो, व्यापारी ‘अ’ वर्गातला आहे का? नाही. ‘ब’ वर्गातला? नाही. मग तिसरी वाट, दोन्ही नसेल तर काय करायचं. तिथे लिहिलंय, सवलत शून्य करा. पुढची ओळ, सवलत शून्य.

पण व्यापाऱ्याला वर्गच का नव्हता? अ‍ॅडमिन त्याची माहिती उघडतो. वर्गाचा रकाना कोरा. जुन्या व्यापाऱ्यांचे वर्ग पूर्वीच भरलेले होते. हुबळी शाखा सुरू झाल्यावर तिथल्या नव्या व्यापाऱ्यांची यादी एक्सेलच्या फाइलमधून एकगठ्ठा आत घेतली गेली, आणि त्या फाइलमध्ये वर्गाचा रकानाच नव्हता. नवे व्यापारी कोण सांभाळतं? हीच मुलगी. “इतरांचं होत नाही, तुझंच का होतं?” या साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. प्रश्न बरोबर होता, फक्त तो आरोप म्हणून विचारला गेला.

आता दुरुस्ती सोपी आहे. कोरे रकाने भरायचे. वर्ग नसेल तर सवलतीला हात न लावता अ‍ॅडमिनला कळवायचं, अशी फ्लोची तिसरी वाट बदलायची. आणि वर्ग भरल्याशिवाय नवा व्यापारी नोंदताच येऊ नये असा नियम घालायचा. मग पुन्हा एक ऑर्डर, पुन्हा लॉग, आणि दहाचे दहाच राहतात ना याची खात्री. त्यानंतर फ्लॅग काढून टाकायचा.

असे कोपरे या दिवसांत जास्त सापडतात, त्यालाही कारण आहे. सेल्सफोर्समध्ये आपोआप कामं करून घेण्याची दोन जुनी साधनं होती, वर्कफ्लो रूल्स आणि प्रोसेस बिल्डर. ३१ डिसेंबर २०२५ रोजी कंपनीने त्यांचा आधार काढून घेतला आणि सगळ्यांना फ्लोकडे वळायला सांगितलं. वर्षानुवर्षांचे नियम एका साधनातून दुसऱ्यात हलवताना ‘यापैकी काहीच नसेल तर?’ हा प्रश्न विसरला जातो. घर बदलताना देवघर, भांडी, कपाटं नीट पोचतात आणि माळ्यावरची एक ट्रंक राहून जाते, तसंच.

लॉगला न्यायाधीश समजू नये. तो साक्षीदार आहे, आणि निष्पक्ष आहे. त्या मुलीने घाईत शून्य टाकलं असतं तर तेही त्याने तितक्याच शांतपणे दाखवलं असतं. मग साहेबांना बोलायला पुरावा असता, आणि तिलाही आपली सवय सुधारायला आधार मिळाला असता. दोन्ही बाजूंना सारखंच उपयोगी पडतं ते खरं दप्तर.

जिथे डीबग लॉग नव्हता तिथे काय करायचं? काही दुसऱ्या वह्या आहेत. व्यवस्थेच्या मांडणीत कुणी काय बदललं, याची नोंद ‘सेटअप ऑडिट ट्रेल’मध्ये १८० दिवस मिळते. अमका फ्लो परवा कुणी बदलला, ते तिथे दिसतं. कोण कधी आत आलं याची ‘लॉगिन हिस्टरी’ सहा महिन्यांची असते. आणि एखाद्या रकान्यातला आकडा कुणी, कधी, कशावरून कशावर नेला, हे ‘फील्ड हिस्टरी’ सांगते. साधारणपणे एका प्रकारच्या नोंदीतल्या २० रकान्यांपर्यंत ती ठेवता येते, पण तीही आधी चालू करून ठेवलेली असावी लागते. आग लागल्यावर विहीर खणून चालत नाही. पैसा, सवलत, मुदत असे भांडणाचे रकाने कुठले, हे प्रत्येक कंपनीला ठाऊक असतं. त्यांची फील्ड हिस्टरी पहिल्या दिवसापासून चालू ठेवावी.

डीबग लॉग मात्र फार दिवस टिकत नाहीत. अशा नजर ठेवून काढलेल्या लॉगचं आयुष्य सात दिवसांचं, मग ते आपोआप पुसले जातात. लागणारा लॉग वेळीच उतरवून घ्यावा, काम झाल्यावर तोही नष्ट करावा. कारण त्यात गिऱ्हाइकांची नावं, फोन नंबर, रकमा उघड्या पडलेल्या असू शकतात. तसा लॉग व्हॉट्सअ‍ॅपवर मित्राला पाठवून “जरा बघ ना काय चुकलंय” म्हणणं म्हणजे पेढीची वही चौकात उघडी ठेवणं. आपल्या देशात २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे. पण कायद्याच्याही आधी साधी रीत म्हणून, ज्या माणसावर ट्रेस फ्लॅग लावायचा त्याला तसं सांगावं. तंत्राच्या दृष्टीने त्याची गरज नसते, त्याला न कळता फ्लॅग लावता येतो. पण सांगून लावला की तोच माणूस मदतीला येतो, घड्याळ बघून वेळ सांगतो, नेमकं कुठलं बटण दाबलं ते आठवतो. न सांगता लावला आणि नंतर कळलं, तर ऑफिसातला विश्वास जातो, आणि तो मोजणारा लॉग अजून कुणी काढलेला नाही.

आमच्या कॉलेजातली बी.कॉम.ची मुलं विचारतात, आम्हाला हे जमेल का? आम्ही सायन्सवाले नाही. माझ्या मते नक्की जमेल. अ‍ॅडमिनच्या कामात प्रोग्राम लिहिण्यापेक्षा व्यवहार समजण्याला जास्त महत्त्व आहे, आणि ज्याला कीर्द वाचता येते त्याला लॉग वाचायला शिकता येतं. सेल्सफोर्सची ‘डेव्हलपर एडिशन’ नावाची सरावाची आवृत्ती फुकट मिळते, आणि २०१४ साली सुरू झालेलं ‘ट्रेलहेड’ हे शिकवणीचं दालनही फुकट आहे. पहिला सराव म्हणून एवढंच करा. स्वतःच्याच नावावर तासाभराचा ट्रेस फ्लॅग लावा, एक खोटं गिऱ्हाईक नोंदवा, सेव्ह दाबा आणि आलेला लॉग वरपासून खालपर्यंत वाचा. पहिल्या दिवशी दहा ओळी कळल्या तरी पुष्कळ. मग पातळी वाढवून तेच पुन्हा करा आणि काय जास्त लिहिलं गेलं ते पाहा. आपल्या मुलांना तर एक जादा फायदा आहे. हुबळीचा व्यापारी कन्नडमध्ये काय म्हणाला आणि पुण्याचा साहेब मराठीत काय समजला, यातलं अंतर त्यांना जन्मापासून ओळखता येतं. पुष्कळ बग त्या अंतरातच लपलेले असतात.

आणि पालकांना एक विनंती. मुलगी रात्री अकरा वाजता लॉग बघत असेल तर “अजून काम संपलं नाही?” असं विचारण्याऐवजी एकदा “एनातु?” असं विचारून बघा. कुठल्यातरी शाखेतल्या, तिने कधी न पाहिलेल्या कुणाची तरी बाजू ती त्या हजारो ओळींत शोधत असेल. चहा ठेवा, आणि ती सांगेल ते ऐका.